पाळण्यातलं नाव मिनोटॉर

ई-मेल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ब्राउझर नाहीतर मोबाईलवरचं अ‍ॅप येतं. पण ई-मेल क्लायंट हा प्रकार या दोन्हींच्या आधीचा. हा प्रोग्रॅम आपल्याच कॉम्प्युटरवर बसतो, पीओपी किंवा आयमॅप प्रोटोकॉलने सर्व्हरवरून पत्रं आणतो आणि एसएमटीपीने पाठवतो. डायल-अपच्या काळात कनेक्शन जोडायचं, पत्रं उतरवून घ्यायची, कनेक्शन तोडायचं आणि मग निवांत वाचायचं, अशी रीत होती. आजही फुलंब्रीत नेट गेलं तरी उतरवलेली पत्रं उघडतातच! अशाच एका क्लायंटची, म्हणजे थंडरबर्डची, ही गोष्ट.

३१ मार्च १९९८ रोजी नेटस्केप कंपनीने आपल्या कम्युनिकेटर पॅकेजचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि जून २००२ मध्ये मोझिला १.० आलं. ब्राउझर, मेल, अ‍ॅड्रेस बुक, वेब पेजचा एडिटर, सगळं एकाच गाठोड्यात. हे ओझं कमी करायला काही जणांनी नुसता ब्राउझर वेगळा काढला, तो फिनिक्स. मेलचा भागही वेगळा करायचं ठरलं. त्याचं पाळण्यातलं नाव मिनोटॉर, म्हणजे ग्रीक कथेतला अर्धा माणूस, अर्धा बैल.

मिनोटॉर बराच काळ रांगतच राहिला. फिनिक्स मात्र लोकांना आवडला आणि नावांची भानगड सुरू झाली. बायोस बनवणाऱ्या फिनिक्स टेक्नॉलॉजीज कंपनीचा त्या नावावर ट्रेडमार्क होता. म्हणून एप्रिल २००३ मध्ये फिनिक्सचं फायरबर्ड झालं. त्याच सुमारास जोडीला शोभेल असं मिनोटॉरचं थंडरबर्ड झालं. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कथांमधला, पंखांनी मेघगर्जना करणारा हा पक्षी. पण फायरबर्ड नावाचा एक ओपन सोर्स डेटाबेस आधीच होता, त्यांनी हरकत घेतली. शेवटी ९ फेब्रुवारी २००४ ला ब्राउझर फायरफॉक्स झाला. जोडीतला एक पक्षी उडाला, दुसरा राहिला.

दरम्यान १५ जुलै २००३ ला नेटस्केपची मालक एओएल या कामातून बाहेर पडली आणि मोझिला फाउंडेशन स्थापन झालं. त्यानंतर तेराच दिवसांनी थंडरबर्ड ०.१ आलं! स्कॉट मॅकग्रेगर आणि डेव्हिड बिएनव्हेनू हे त्याचे प्रमुख डेव्हलपर. ७ डिसेंबर २००४ ला १.० आलं आणि दहा दिवसांत दहा लाख डाउनलोड झाले.

आता खरी गंमत बघा. थंडरबर्डचा कोड कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. नाव आणि लोगो मात्र मोझिलाचे. बदललेल्या कोडला ते नाव लावायचं तर मोझिलाची मंजुरी हवी. लिनक्सच्या डेबियन वितरणाचं २००६ मध्ये यावरूनच बिनसलं. त्यांनी तोच प्रोग्रॅम आइसडव्ह या नावाने द्यायला सुरुवात केली आणि २०१७ मध्ये थंडरबर्ड हे नाव परत घेतलं. थोडक्यात, लायसन्स कोडचं असतं आणि ट्रेडमार्क नावाचा. दोन्ही गोष्टी वेगळ्या.

पुढे जुलै २०१२ मध्ये मोझिलानेच थंडरबर्डवरची आपली मेहनत कमी करायचं जाहीर केलं. बंद कोडचा प्रोग्रॅम असता तर तिथेच संपला असता. इथे कोड सर्वांच्या हातात होता, म्हणून स्वयंसेवकांनी काम पुढे नेलं आणि वापरणाऱ्यांनी देणग्या दिल्या. २०२० पासून फाउंडेशनच्याच एमझेडएलए टेक्नॉलॉजीज या कंपनीकडे थंडरबर्डचं काम आहे. २०२२ मध्ये अँड्रॉइडवरचा के-९ मेल हा ओपन सोर्स क्लायंट त्यात सामील झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्याच आधारावर अँड्रॉइडसाठी थंडरबर्ड आलं.

फायनल इयरचं प्रोजेक्ट करणाऱ्यांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. नाव ठेवण्याआधी ते दुसऱ्या कुणाचं नाही ना, हे शोधा. आणि कोड नेटवर टाकताना सोबत लायसन्सची फाईल ठेवा. ती नसेल तर तुमचं काम इतरांना फक्त बघता येतं, हक्काने पुढे नेता येत नाही. नाव काय, तीनदा बदललं तरी चालतं. पण उद्या आपण नोकरीधंद्याला लागल्यावर ते काम चालू राहायचं असेल, तर दुसऱ्याला त्यात हात घालायची मुभा आजच द्यायला हवी.