कात्री, खळ आणि सत्य

रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईस निघाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. हौशी माणसे त्या छापील लुगड्यांवर खरी जरी, टिकल्या व कापड चिकटवीत. मग हे ‘कोलाज’च झाले की! अगदी तसे नव्हे. येथे लुगड्याच्या जागी कापडच येते. चित्राचा अर्थ पालटत नाही. पिकासोने १९१२ साली चित्रात वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड चिकटविले, तेव्हा खरे कोणते आणि भासाचे कोणते, हाच प्रश्न पाहणाऱ्यापुढे उभा राहिला. परका तुकडा स्वतःचा अर्थ घेऊन येतो आणि शेजाऱ्याशी भांडू लागतो. हेच कोलाजचे मर्म.

तुकडे छायाचित्रांचे असले की ते फोटोमोंताज. जर्मनीत जॉन हार्टफील्डने १९३२ साली भाषण करणाऱ्या हिटलरच्या छातीत क्ष-किरणांचे चित्र बसविले आणि कण्याच्या जागी नाणी रचली. या आवेशामागे पैसा आहे, हे सांगायला लेख लागला नाही.

पण हीच कात्री असत्याच्या हातीही चालते. छायाचित्राला आपण साक्षीदार मानतो, म्हणूनच जोडचित्र सहज फसविते. आता तर खळही लागत नाही, मोबाइल पुरतो. म्हणून मेढ्याच्या मुलांना जुनी मासिके व कात्री अवश्य द्यावी. एकाच्या धडावर दुसऱ्याचे डोके ज्याने स्वतः बसविले, तो पुढे कोणतेही चित्र पाहताना उजेडाची दिशा, सावली आणि कडा न्याहाळील. चित्रकलेच्या तासाला एवढी पारख आली, तर तो तास सार्थकी लागला म्हणावयाचा.