नगरपालिकेचा अर्थसंकल्प वाचताना

वर्ष : 1 एप्रिल ते 31 मार्च. मुख्याधिकारी अंदाज मांडतात, सभागृह मंजुरी देते. कायद्याचा आधार : महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, 1965.

स्वतःचे उत्पन्न : घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडे, बाजार फी. राज्यातल्या नगरपालिकांची जकात 1999 मध्ये बंद झाली. तेव्हापासून पगारासाठीही राज्याच्या सहायक अनुदानाकडे डोळे लागलेले असतात.

घरपट्टीचे बिल नीट पाहा : त्यातली प्रत्येक ओळ पालिकेची नसते. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर पालिका फक्त गोळा करते. तो पैसा राज्याच्या तिजोरीत जातो.

बांधलेला निधी : 15व्या वित्त आयोगाने (2021-26) दहा लाखांखालील शहरांच्या अनुदानातला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवला. त्यातून चौक सुशोभित करता येत नाही.

हे तीन आकडे शोधा
• घरपट्टीची मागणी किती, वसुली किती, मागची थकबाकी किती?
• पाणीपुरवठ्याचे वीजबिल पाणीपट्टीतून भागते का?
• गेल्या वर्षी तरतूद केलेल्या कामांपैकी प्रत्यक्ष खर्च किती झाला?

अंदाजपत्रकात गेल्या वर्षांच्या जमाखर्चाचे रकानेही असतात. तुमच्या प्रभागातले गटार सलग तीन वर्षे ‘प्रस्तावित’च दिसत असेल, तर नगरसेवकाला तो कागद दाखवूनच विचारा. पैसा आपला आहे. हिशेब मागणे हा आपला हक्कच आहे.