आधी पाय मोजा: मोहरीवरची सॉफ्लाय

पीएच.डी.च्या पहिल्या रब्बीत वाशीला काकांच्या मुळ्याच्या वाफ्यात पानांना भोकं पडलेली दिसली. पानावर काळपट हिरव्या अळ्या. हात लावला की वेटोळं करून टपकन खाली पडायच्या, मेल्याचं सोंग घ्यायच्या. मी छातीठोकपणे म्हणालो, "पतंगाची अळी आहे, काका. बीटी फवारा." त्यांनी फवारलं. अळ्या खातच राहिल्या, आणि माझी मान खाली गेली!

ती मोहरीवरची सॉफ्लाय होती, अथालिया लुगेन्स प्रॉक्झिमा. नावात माशी असली तरी ही घरमाशीची नातेवाईक नाही. ती मधमाशी, मुंगी, गांधीलमाशी यांच्या गणातली, म्हणजे हायमेनोप्टेरातली. फक्त हिची कंबर बारीक नसते. प्रौढ कीटक साधारण ८ ते ११ मिमी लांब, अंग नारिंगी, डोकं काळं, पंख धुरकट.

'सॉ' म्हणजे करवत. मादीच्या अंडी घालायच्या अवयवाला करवतीसारखे दाते असतात. त्याने ती पानाच्या कडेला चीर पाडते आणि त्यात एकेक अंडं ठेवते. ४ ते ८ दिवसांत अळी बाहेर येते. मोहरी, मुळा, कोबी, नवलकोल ही तिची आवडती पिकं. कोवळ्या रोपांवर आली तर नुकसान सर्वांत जास्त. ती सकाळ-संध्याकाळ खाते. पूर्ण वाढली की मातीत उतरून कोष करते. एक पिढी साधारण महिन्याभरात पूर्ण होते. ऑक्टोबर ते मार्च या काळात दोन-तीन पिढ्या होतात. उन्हाळा ती मातीतल्या कोषात सुप्तावस्थेत काढते. म्हणूनच उन्हाळी खोल नांगरटीचा उपयोग होतो: कोष उघडे पडतात, उन्हाने आणि पक्ष्यांमुळे नष्ट होतात.

आता माझी चूक. छातीवरचे तीन जोड्या खरे पाय दोघींनाही असतात. फरक पोटाखालच्या मांसल पायांत आहे. पतंग-फुलपाखरांच्या अळीला ते जास्तीत जास्त पाच जोड्या, तर या अळीला आठ. आणि फवारणीसाठी मिळणारं नेहमीचं बीटी (कुर्स्टाकी) पतंगवर्गीय अळ्यांसाठी असतं. सॉफ्लायच्या अळीवर ते चालत नाही.

म्हणून मित्रांनो, संशोधनाला निघताना दहा रुपयांची वही आणि एक भिंग खिशात ठेवा. अळी दिसली की पाय मोजा, फोटो काढा, काही अळ्या बरणीत तळाला ओलसर माती घालून पाळा. प्रौढ बाहेर येईपर्यंत ओळख पक्की समजू नका. काका आता कुठलीही अळी दिसली की मला फोन करतात आणि आधी विचारतात, "किती पाय मोजू?"