दूध न पचणारी शाळकरी पोटे

वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यातील अनेक घरांत शाळकरी मुलांची सकाळ पेलाभर दुधाने सुरू होते. रिकाम्या पोटी ते घशाखाली उतरवून मूल रिक्षात बसते आणि दुसऱ्या-तिसऱ्या तासाला पोटात मुरडा येतो. 'शाळेचा कंटाळा' असा शिक्का बसतो, जंतांचे औषध दिले जाते. दुधावर मात्र संशय घेतला जात नाही. दूध म्हणजे पूर्णान्न, ही आपली श्रद्धाच आहे!

दुधातील साखरेला लॅक्टोज म्हणतात. लहान आतड्यातील लॅक्टेज हे विकर ती पचवते. तान्ह्या बाळात ते भरपूर असते. पुढे बहुसंख्य माणसांत हळूहळू घटते. न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोचले की तेथील जिवाणू ते आंबवतात. मग पोट फुगते, गुडगुडते, पातळ शौचास होते. जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढांची हीच स्थिती असल्याने याला रोग म्हणणे अवघडच. मुंबईच्या डॉ. एच. जी. देसाई, डॉ. एफ. पी. अंतिया आदी संशोधकांनी भारतीयांतील या कमतरतेवर १९७० मध्येच लिहिले होते. मोठेपणीही दूध पचवू देणारा जनुकीय बदल वायव्य भारतात अधिक, तर दक्षिण-पूर्वेकडे कमी आढळतो, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले.

तबेल्यातील म्हशीचे दूध असो वा पिशवीतले गाईचे, १०० मिलिलिटरमध्ये लॅक्टोज सुमारे ५ ग्रॅमच. त्यामुळे दूध बदलून उपयोग नाही. जुलाबाच्या साथीनंतर आतड्याचे अस्तर दुखावल्यानेही असा त्रास होतो. तो बहुधा काही आठवड्यांत ओसरतो.

डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन आठवडे दूध बंद ठेवून पुन्हा थोडे देऊन पाहिले की बहुधा उलगडा होतो. श्वासातील हायड्रोजन मोजणारी चाचणीही आहे. मात्र वजन घटणे, शौचातून रक्त, ताप किंवा झोपेतून उठवणारी पोटदुखी असल्यास कारण निराळे असू शकते. तेथे घरगुती प्रयोग नकोत. दुधाची अ‍ॅलर्जीही वेगळी. तीत दुधातील प्रथिनांमुळे अंगावर गांधी उठतात, धाप लागते आणि दहीसुद्धा धोक्याचे ठरते.

लॅक्टोज न पचणाऱ्या मुलाचे दूध कायमचे तोडण्याची घाई मात्र हाडांच्या मुळावर येते. अर्धा पेला दूध जेवणासोबत बहुतेकांना सोसते. दह्यातील जिवाणू बरेच लॅक्टोज आधीच फस्त करतात. पनीर करताना ते निवळीबरोबर निघून जाते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पेलाभर दुधात सुमारे २४०. नाचणीतले तितक्या सहज अंगी लागत नाही, एवढेच. तिळाची चटणी आहेच. आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वाळणारी, काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी तर या मुलांना घराजवळच मिळते.