हौदा आणि नाळ

मे संपत आला की मालवणच्या दांडी किनाऱ्यावर होड्या वर घ्यायची घाई उडते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. शिवाय पावसाळ्यात त्या दर्यात होडी ठेवायची कुणाची छातीही होत नाही. माझ्या मामेभावाने बावीस फुटी फायबर होडीसाठी एका मिस्त्रींकडून दोन चाकांचा ट्रेलर करून घेतला होता. तो पिकअपला टोचन करून होडी थेट घराच्या खळ्यात आणायची, असा बेत.

पहिल्याच वर्षी नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या निमुळत्या भागाला, चीर गेली. सरळ रस्त्यावर पिकअपचा हौदा आणि होडीची नाळ यांत चांगलं वीतभर अंतर दिसत होतं. पाणंदीच्या वळणावर कर्रर्र आवाज झाला तेव्हा कळलं, की हे अंतर सरळ रांगेत मोजून चालतच नाही. वळताना नाळेचं टोक टोचनाच्या पिनेजवळच असल्याने फारसं हलत नाही. तिच्यामागचा फुगलेला गाल मात्र हौद्याच्या कोपऱ्यावर चालून येतो. जितकं तीव्र वळण, तितका जवळ.

सोपा उपाय आम्हाला लगेच सुचला: होडी ट्रेलरवर दोन फूट मागे सरकवू. मिस्त्रींनी मान हलवली. वजन चाकांच्या मागे गेलं की ट्रेलरची दांडी वर उचलू पाहते आणि मागचा भाग शेपटीसारखा हलू लागतो. होडी जागेवरच ठेवायची, दांडी वाढवायची.

पण किती? हे ठरवायला मिस्त्रींनी जे केलं ते मला फार आवडलं. दुरुस्त केलेली होडी ट्रेलरवर बांधली, नाळेच्या दोन्ही गालांना माडाच्या झावळीचे हीर सुतळीने आडवे बांधले, आणि मोकळ्या जागेत पिकअप अगदी सावकाश वळवायला लावली. स्वतः चुन्याची पुडी घेऊन बाजूने चालत राहिले. हीर हौद्याला टेकून वाकला की ओरडायचे, "रव!" आणि चाकं होती तिथे चुन्याची रेघ. मग तेच उताराच्या पायथ्याशी. पिकअप चढणीला लागलेली, ट्रेलर अजून सपाटीवर, अशा वेळी हौद्याची वरची कड मागे झुकते आणि नाळेवर येते. वळण आणि चढण एकाच जागी आली तर सगळ्यात वाईट. आमच्या पाणंदीचं तोंड नेमकं तसंच आहे.

मला वाटलं, मग घसघशीत चार फूट वाढवून मोकळं व्हावं. तेही खरं नाही. दांडी जितकी लांब तितकी ट्रेलरची चाकं वळणात आतल्या बाजूला जास्त ओढली जातात, आणि आतल्या बाजूला चिऱ्याचा गडगा आहे. नाळ वाचवायची आणि मागची बाजू गडग्यावर घासायची! मिस्त्रींनी पाणंदीची रुंदी टेपने घेतली, चुन्याच्या रेघा पुन्हा पाहिल्या आणि सांगितलं, "दीड फूट. त्येच्या वर नको."

जोड नुसता टोकाला टोक लावून नाही केला. चौकोनी पाइपाच्या आत दुसरा पाइप दोन्हीकडे हातभर सरकवून वेल्डिंग केलं, वर दोन्ही बाजूंनी तिरक्या पट्ट्या. लांब दांडी जास्त वाकते, हे खड्ड्यांच्या रस्त्याला सांगावं लागत नाही.

यंदा होडी वर घेताना मी पुढे चालत होतो. इंजिन आधीच उतरवलेलं. वाळूसाठी पिकअपच्या चाकांतली थोडी हवा सोडलेली. पाणंदीच्या तोंडाशी मामेभाऊ काच खाली करून म्हणाला, "बघ रे, लागता काय?" मी नाळेखाली वाकलो. डावा हीर हौद्याच्या कोपऱ्यापाशी आला, चार बोटांवर राहिला आणि सरळच राहिला. मागे त्याच बाजूला गडगा आणि ट्रेलरचं चाक यांच्यामध्ये माझी चप्पल मावली असती.

"येऊ दे," मी म्हटलं.

होडी आता खळ्यात पालथी, झावळ्यांखाली आहे. ट्रेलर मांगराला टेकवून ठेवलाय. हीर तेवढे मामेभावाने सोडून घेतले आणि नारळी पौर्णिमेला होडी परत न्यायची म्हणून देवघराच्या फळीवर ठेवले.