कुंभार नसलेलं मडकं

न्यायशास्त्र मडक्याची वेगवेगळी कारणं सांगतं. माती हे समवायी कारण, कुंभार हे निमित्त कारण. आज अशा मडक्याविषयी बोलू, ज्याला कुंभारच दिसत नाही.

1960 च्या दशकात केंब्रिजजवळच्या बाब्राहम इथे अ‍ॅलेक बँगहॅम यांनी लेसिथिनसारखे स्निग्ध पदार्थ पाण्यात मिसळून पाहिले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या बंद पिशव्या. त्यांनाच आज लिपोसोम म्हणतात. त्या कुणी शिवल्या? कुणीच नाही. या रेणूचं डोकं पाण्याला धरून राहतं, शेपट्या पाणी टाळतात. शेपट्या उघड्या असल्या की भोवतीच्या पाण्याच्या रेणूंना अवघडून राहावं लागतं; त्या एकमेकींत दडल्या की पाणी मोकळं होतं. म्हणजे गंमत बघा, पिशवीची शिस्त पाण्याच्या मोकळेपणातून येते! पडद्याची कडासुद्धा उघडी राहणं परवडत नाही, म्हणून तो वळून मिटतो. मिटताना थोडं पाणी, आणि त्यातलं औषध, आत अडकतं.

याचा उपयोग काय? डॉक्सोरुबिसिन कर्करोगावर चालतं, पण हृदयाला इजा करतं. 1995 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या डॉक्सिलमध्ये ते लिपोसोममध्ये भरलेलं असतं, त्यामुळे हृदयाचा धोका कमी होतो. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत आपल्याकडे लोक ज्या इंजेक्शनासाठी वणवण करत होते, ते लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनही याच घराण्यातलं.

आता पुढचा प्रश्न. 'हवं तेव्हा' औषध सोडायचं कसं? पिशवी हुकूम ऐकत नाही. पण थंडीत गोठलेलं तूप उन्हात पातळ होतं ना? तसा 40 अंशांच्या थोडं वर सैल होणारा पडदा निवडायचा. शरीर 37 अंशांवर. गाठ तेवढी तापवायची. औषध तिथेच सुटतं.

पण यकृताच्या कर्करोगावर अशा लिपोसोमची मोठी चाचणी झाली, आणि 2013 मध्ये कळलं, की तिचं मुख्य उद्दिष्ट साधलं नाही. पिशवी उघडली म्हणजे रोगी बरा झाला, असं होत नाही. पहिलं विधान पडद्याविषयी आहे, दुसरं माणसाविषयी. दोन्हींना पुरावा वेगवेगळा लागतो.

मग कुंभार कुठे गेला? मला वाटतं, तो चाकावरून उठला आहे, एवढंच. पडदा कोणता, किती अंशांना सैल होणारा, कुणाच्या शरीरात सोडायचा, हे अजून तोच ठरवतो. 'आपोआप' या शब्दाने त्याची जबाबदारी संपत नाही.