हवाई गिटार आणि शब्दांवांचून गाणें

पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांचें नांव आपल्याकडे घरोघर गेलें तें भूगोलामुळें नव्हे, तर एका वाद्यामुळें.

साध्या गिटारींत बोटांनीं तारा पडद्यांवर दाबतात. हवाई गिटार मांडीवर आडवी ठेवतात. तिच्या तारा पडद्यांपासून उंच उचललेल्या असून त्यांवरून पोलादी कांडी सरकवितात. त्यामुळें एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर उडी मारावी लागत नाहीं. मधली सारी वाट ऐकूं येते. हीच आपल्या संगीतांतील मींड होय. विचित्रवीणेंतही तारांवर असाच गोळा सरकतो. या रीतीचें श्रेय बहुधा ओआहू बेटावरील जोसेफ केकुकू यांस, १८८९ च्या सुमाराचें, देतात. कांहींजण हिंदुस्थानांत जन्मलेल्या गॅब्रिएल दाव्हियन यांचें नांव त्याच्याही आधीं घेतात.

वाद्याबरोबर गीतेंही जगभर फिरलीं. ‘अलोहा ओए’ हें निरोपाचें गीत लिलिउओकलानी हिनें १८७८ सालीं रचिलें. पुढें ती राणी झाली, आणि १८९३ सालीं तिचें राज्य गेलें. तेव्हां त्या निरोपास दुसराच अर्थ चिकटला. बिंग क्रॉसबी यांनीं तें १९३६ सालीं, एल्विस प्रेस्ली यांनीं १९६१ सालीं ध्वनिमुद्रित केलें. भाषा न कळणाऱ्यांसही चाल आपली वाटूं लागली.

१९४० नंतरच्या दशकांत ताउ मो हे वादक सहकुटुंब कलकत्त्यास राहिले व तेथें या वाद्याची गोडी वाढली. मुंबईंत व्हॅन शिप्ली यांनीं विजेच्या गिटारीवर हिंदी चित्रपटगीतांच्या चाली वाजवून तबकड्या काढल्या. रेडिओ सिलोन व १९५७ सालीं सुरू झालेली विविध भारती यांवरून अशा गती मुंबईपासून खारबावसारख्या भिवंडी तालुक्यांतील गावापर्यंत पोंचण्यास तबकडी विकत घेण्याची गरज उरली नाहीं.

ही केवळ नक्कल, असा आक्षेप घेतां येईल. परंतु हार्मोनियमचे स्वर सुटे असतात, त्यांतून मींड निघत नाहीं. या कारणानेंही ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं त्या पेटीस दूर ठेविलें व १९७१ पर्यंत ती बंदी चालली. परदेशी गिटारींत मात्र गळ्याची लवचीकता सांपडली. गायक नसतांनाही श्रोता मनांत शब्द म्हणतो, कारण गायकानें जेथें स्वर ओढला, तेथेंच कांडीही रेंगाळते. तसें नसेल, तर तबकडी कोरडी वाटते.

याच गुणावर पुढें ब्रिजभूषण काबरा यांनीं रागसंगीत उभारलें. १९६७ सालचें ‘कॉल ऑफ द व्हॅली’ त्याची साक्ष देतें. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेस १९९४ सालीं ग्रॅमी पुरस्कार लाभला. वाद्याचा जन्म कोठें झाला, याहून तें कोणाचा गळा सांभाळतें, हेंच अखेर महत्त्वाचें ठरतें.